दहा मिनिटांचं जेवण आणि पाच कोंबड्या

मालगुंडला येणारा पाहुणा केशवसुतांचं स्मारक बघतो, गायवाडीच्या किनाऱ्यावर तासभर रेंगाळतो आणि गणपतीपुळ्याच्या वाटेला लागतो. गावात राहणाऱ्याचा प्रश्न निराळा असतो. बागेतलं, होडीवरचं किंवा रत्नागिरीतल्या नोकरीचं काम उरकून दिवेलागणीला घरी आलं, की आता पानात काय वाढायचं? मुलं मुंबई-पुण्याला आणि घरात दोनच म्हातारी माणसं, असं असेल तर हा प्रश्न आणखी कंटाळवाणा होतो, कारण दोघांसाठी साग्रसंगीत रांधायचा उत्साह रोज कुठून आणणार? मग किराणा दुकानात माळेसारखी टांगलेली पाकिटं घरात येतात: शेवयांचे नूडल्स, गरम पाणी ओतून होणारे पोहे-उपमा, फोडून गरम करायच्या भाज्या. या पाकिटांना नाकं मुरडणं सोपं आहे, पण ती आणणारा माणूस आळशी नसतो. त्याला दहा मिनिटांत, थोड्या पैशांत, पोट भरेल असं काहीतरी हवं असतं आणि ही मागणी अगदी रास्त आहे. माझं म्हणणं एवढंच, की कोकणातल्या परडं असलेल्या घराला ती पाकिटापेक्षा चांगली आणि स्वस्तात भागवता येते. त्यासाठी डब्यात दोन-तीन पिठं हवीत, परसात चार-पाच कोंबड्या हव्यात आणि घरातल्या कुत्र्या-मांजराला थोडी शिस्त हवी. तिसरी अट वाचून हसू येईल, पण बहुतेक घरांतला कोंबड्यांचा प्रयोग नेमका तिथेच फसतो.

आधी पाकिटाचा हिशोब करू. नूडल्सच्या साधारण 70 ग्रॅमच्या पाकिटात तीनशेच्या आसपास उष्मांक आणि पाच ते सात ग्रॅम प्रथिनं असतात. बाकी मैदा, तेल आणि मीठ. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोठ्या माणसाने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे सोडियम 2 ग्रॅमच्या आत. मसाल्याच्या पुडीसकट एका पाकिटात या मर्यादेचा बराच मोठा भाग संपतो. पाकिटामागचा तक्ता वाचताना एक खबरदारी घ्या: आकडे पुष्कळदा 100 ग्रॅमला दिलेले असतात, आपण खातो ते वजन वेगळं असतं, तेव्हा गुणाकार स्वतः करायचा. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या सत्तरीच्या माणसाने हे अन्न आठवड्यातून चारदा खाणं म्हणजे एका हाताने गोळी घेऊन दुसऱ्या हाताने तिचा परिणाम पुसण्यातला प्रकार. आणि ते म्हणावं तेवढं झटपटही नसतं. पाणी उकळायला लागणारा वेळ जाहिरातीत कधीच धरलेला नसतो.

पाकीट आपल्याला खरं तर आगाऊ केलेली मेहनत विकतं. कुणीतरी आधीच शिजवून, वाळवून, मसाला कालवून ठेवलेलं असतं. कोकणच्या स्वयंपाकघराला ही युक्ती फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. भाजून दळलेलं कुळथाचं पीठ, मेतकूट, नाचणीचं सत्त्व, सातूचं पीठ, उन्हाळ्यात वाळवलेले सोडे आणि सुकट, बरणीतली आमसुलं हे सगळं तयार जेवणच आहे, फक्त त्यावर छापील कागद नाही. कुळथाची पिठी करायला फोडणी, लसूण, मिरची, आमसूल आणि पाण्यात कालवलेलं पीठ एवढंच लागतं. भात सकाळचा असेल तर दहा मिनिटांत पान वाढता येतं. कुळथात शंभर ग्रॅमला सुमारे 22 ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे दोघांच्या पिठीला लागणाऱ्या साठ ग्रॅम पिठातून प्रत्येकी सहा-साडेसहा ग्रॅम मिळतात. नाचणी प्रथिनांत मागे आहे, पण कॅल्शियममध्ये तिच्या पुढे जाणारं धान्य सापडत नाही. महिन्यातून एकदा अर्धा दिवस काढून ही पिठं भाजून ठेवली, तर पाकिटाने देऊ केलेली सोय घरातच असते.

तरीही एक उणीव राहते. डाळी-कडधान्यांची प्रथिनं भाताच्या जोडीने बरीचशी पूर्ण होतात, पण ब-12 जीवनसत्त्व त्यांत नसतं, ड आणि अ नावापुरतीच असतात. म्हाताऱ्या माणसाचा आहार कमी झालेला असतो, तेव्हा थोडक्या घासांत जास्त पोषण बसवावं लागतं. अंडं इथे उपयोगी पडतं. पन्नास-पंचावन्न ग्रॅमच्या एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास उत्तम प्रतीची प्रथिनं असतात, शिवाय ही तिन्ही जीवनसत्त्वं. उकळत्या पिठीत दोन अंडी फोडून सोडली, वर मूठभर शेवग्याचा पाला टाकला, की पाकिटाच्या दुप्पट प्रथिनं पानात येतात आणि मीठ तुमच्या हातात राहतं. शेवग्याचा पाला सांगतो आहे तो सजावटीसाठी नव्हे. अंड्यात क जीवनसत्त्व अजिबात नसतं आणि चोथाही नसतो, ती भर पाल्याने होते. अंड्याने कोलेस्टेरॉल वाढेल ही भीती बरीच जुनी आहे. निरोगी माणसाने रोज एक अंडं खाल्ल्याने हृदयविकाराचा धोका वाढतो, असं मोठ्या पाहण्यांत दिसलेलं नाही. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांशी बोलूनच प्रमाण ठरवावं.

आता सर्वांत बळकट आक्षेपाकडे येऊ. दुकानात अंडं मिळतं की, मग कोंबड्यांचा व्याप कशाला? हा आक्षेप भावनेने उडवून लावण्यासारखा नाही, आकडेच मांडावे लागतात. अंडं 7 रुपयांना आणि बाजारचं कोंबडीखाद्य 35 रुपये किलो धरा, भाव तुमच्याकडे वेगळे असतील तर ते घाला. सुधारित जातीच्या पाच कोंबड्या परसात वर्षाला प्रत्येकी दीडशे अंडी देतात असं मानलं तर 750 अंडी होतात, त्यांचा बाजारभाव 5,250 रुपये. एक कोंबडी दिवसाला साधारण 110 ग्रॅम खाते. पाचजणींना वर्षाला दोनशे किलो खाद्य लागतं, म्हणजे 7,000 रुपये. सगळं खाद्य विकत आणलंत तर पावणेदोन हजारांचा तोटा ठरलेला, त्यात पिलांची किंमत आणि खुराड्याचा खर्च धरलेलाच नाही. दुकानदाराचं अंडं स्वस्त पडतं, कारण पिंजऱ्यातली लेअर कोंबडी वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते आणि तिचं खाद्य टनांनी घेतलं जातं. तिच्याशी आपण उत्पादनात स्पर्धा करूच शकत नाही. पण तेच दोनशे किलो खाद्य दोन तृतीयांश घरातून आणि परड्यातून निघालं, तर विकतचा खर्च 2,350 रुपयांवर येतो आणि वर्षाला तीन हजारांच्या आसपास शिल्लक राहते. सारा व्यवहार या एका गोष्टीवर उभा आहे. ज्यांच्याकडे मोकळं परडं नाही, जे शहरातल्या दुसऱ्या मजल्यावर राहतात, त्यांनी अंडी दुकानातूनच आणावीत. ज्यांच्या आंबा-नारळाच्या झाडांखाली पातेरा साचतो, भाताची कणी आणि कोंडा घरात असतो, मासळी साफ केल्यावर डोकी-आतडी उरतात, त्यांच्यासाठी मात्र कोंबडी हे टाकाऊचं अंडं करणारं यंत्र आहे.

जात कुठली घ्यायची यावर वाडीत दोन तट पडतात. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ, फार तर सत्तर अंडी देते. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली गिरिराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेच्या वनराजा आणि ग्रामप्रिया या जाती त्याच्या दुप्पट-तिप्पट देतात. एवढ्यावरून निकाल लावायचा तर गावठी हरलीच. पण ती खुडूक बसते, एका वेळी दहा-बारा अंडी उबवते, एकविसाव्या दिवशी पिलं काढते आणि घारीची सावली दिसताच त्यांना पंखाखाली घेते. सुधारित कोंबडीत ही खुडूक बसण्याची वृत्ती फारशी उरलेली नसते, त्यामुळे दर दोन वर्षांनी पिलं विकत आणणं आणि पहिले तीन-चार आठवडे त्यांना बल्बची ऊब देणं आलं. शिवाय गिरिराज आणि वनराजा अंगाने जड, कुत्रा अंगावर आला तर गावठीसारखी भुर्रकन पडवीवर उडून बसणं त्यांना जमत नाही. माझा सल्ला मिश्रणाचा आहे: तीन सुधारित, दोन गावठी. सुधारित अंड्यांसाठी, गावठी आईपणासाठी. गावठी खुडूक बसली असेल तेव्हा विकत आणलेली एक दिवसाची पिलं रात्री अंधारात हळूच तिच्या पोटाखाली सरकवायची आणि तिची अंडी काढून घ्यायची. सकाळी ती बहुधा ती पिलं आपली म्हणून स्वीकारते आणि तुमचं विजेचं बिल वाचतं. स्वीकारली नाहीत तर चोच मारते, म्हणून पहिली सकाळ लक्ष ठेवायचं. पांढऱ्या कोंबड्या मोकळ्या परसात घेऊ नका, आकाशातून त्या फार लांबून दिसतात. कडकनाथच्या मागे लागणाऱ्यांना एवढंच सांगेन, की झाबुआच्या त्या काळ्या कोंबडीचं नाव मोठं असलं तरी अंड्यांच्या बाबतीत ती हात आखडता घेणारी आहे. आणि अंड्याच्या कवचाचा रंग जातीवर अवलंबून असतो, पोषणावर नाही. पर्यटकाला तपकिरी अंडं गावठी म्हणून खपवणारे खपवोत, आपण घरात फसू नये.

खाद्याकडे थोडं तपशिलाने बघायला हवं, कारण हिशोब तिथेच जिंकतो किंवा हरतो. सकाळी सोडलेली कोंबडी पातेरा उकरून किडे, वाळवी, गवताचं बी आणि कोवळा पाला खाते, प्रथिनांची बरीच गरज तिथूनच भागते. पिलांसाठी वाळवी मुद्दाम धरता येते: मडक्यात ओला पेंढा, सुकं शेण आणि पोत्याचे तुकडे भरून ते वारुळाजवळ पालथं ठेवलं, की दोन-तीन दिवसांत भरतं. संध्याकाळी खुराड्यात परतताना कणी, कोंडा, थोडी नाचणी असा मूठ-मूठ दाणा द्यावा. पोटासाठी तर तो लागतोच, पण त्या वेळी दाणा मिळतो हे कळलं की कोंबड्या आपोआप घरी येतात, मागे धावावं लागत नाही. मालगुंडसारख्या किनाऱ्यावरच्या गावाला आणखी एक देणगी आहे. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जातं आणि ते भरून निघालं नाही तर अंडी पातळ कवचाची होतात, पुढे कोंबडी लंगडते. बाजारात यासाठी शिंपल्यांचा चुरा विकत मिळतो. तुमच्याकडे तिसऱ्या आणि कालवांची कवचं उकिरड्यावर पडलेली असतात. ती धुवून, चुलीत भाजून, बारीक कुटून वेगळ्या वाटीत ठेवा, लागेल तेवढं कोंबडी स्वतः खाते. अंड्याची टरफलंही चालतील, मात्र भाजून चुरा केल्यावरच. अख्खी टाकली तर कोंबडीला अंडं फोडून खायची चटक लागते आणि ती सोडवणं जवळपास अशक्य असतं. ओल्या मासळीचा उरलेला भाग उकडून द्यावा. खारवलेली सुकी मासळी मात्र नको, कोंबडीला जास्तीचं मीठ बाधतं. बुरशी आलेलं धान्य किंवा पेंड तर मुळीच नको. माणसाने टाकलेलं कोंबडीला चालतं ही समजूत इथे जिवावर बेतते, कारण बुरशीचं विष यकृतावर जातं.

खुराड्यावर दोन ओळी जास्त खर्च करतो. रत्नागिरीत चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि कोंबडीला पावसापेक्षा तिच्या पायाखालची ओल मारते. ओल्या तुसात विष्ठा कुजून अमोनिया होतो, डोळे आणि श्वास बिघडतात, पिलांना रक्ती हगवण लागते. म्हणून खुराडं जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, जांभ्याच्या चार चिऱ्यांवर, पश्चिमेच्या झडीपासून आडोशाला घ्यावं. पाच कोंबड्यांना रात्री टेकायला दहा चौरस फूट पुरतात. आत बसायला आडवी काठी, खाली तूस, वर कौलं किंवा पत्रा, पण छप्पर फुटभर बाहेर काढलेलं. बाजूंना षटकोनी कोंबडी-जाळी लावली जाते ती कोंबडी आत ठेवते, शत्रू बाहेर ठेवत नाही. मुंगूस तिच्यातून शिरतो, नाग तर शिरतोच. अर्धा इंच चौकोनाची वेल्डची जाळी महाग पडते, पण एकदाच लागते. उदमांजर, घोरपड, मुंगूस, साप, घूस अशी बिनबोलावल्या पाहुण्यांची यादी कोकणात लांबलचक आहे आणि यांतले बहुतेक 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. फासा लावणं, विष घालणं हा गुन्हा आहे, शिवाय विष घातलेला घास आधी आपलाच कुत्रा खातो. दार नीट लावणं एवढा एकच उपाय कायद्यात आणि व्यवहारात बसतो. रात्री खुराड्यात दाणा ठेवू नये. दाण्याला उंदीर येतो, उंदरामागून साप. कोंबड्या पाळल्या की साप येतात या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा या सांडलेल्या दाण्यात सापडेल.

कुत्रा राखण करील, मग खुराड्यावर खर्च कशाला, असं पुष्कळांना वाटतं. पुराव्यापुढे हे टिकत नाही. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या परिसरात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. रात्री अंगणात साखळीने बांधलेला कुत्रा बिबट्याला हुसकावण्याऐवजी त्याला आमंत्रण देतो. कुत्र्याला रात्री पडवीत किंवा घरात घ्या, त्याचं भुंकणं तिथूनही ऐकू येतं. दिवसा मात्र तो खरोखर उपयोगी असतो, कारण भटक्या कुत्र्यांना आणि माकडांना गडग्याच्या आत येऊ देत नाही. प्रश्न त्याच्या स्वतःच्या दातांचा. कोंबडी फडफडली, पळाली की तिच्यामागे धावणं ही त्याची उपजत ऊर्मी आहे, त्यात दुष्टपणा काही नाही आणि पहिल्या वेळी तर तो बहुधा खेळतच असतो. पण एकदा तोंडात पिसं आली की खेळाची शिकार होते. म्हणून पिल्लू तीन-चार महिन्यांचं होईपर्यंतच त्याची कोंबड्यांशी ओळख व्हायला हवी. रोज दहा मिनिटं, दोरी हातात धरून, कोंबड्या दाणा टिपत असताना त्याला शेजारी बसवायचं. तो त्यांच्याकडे बघून पुन्हा तुमच्याकडे वळला, की लगेच भाकरीचा तुकडा. ताणला, गुरगुरला तर न ओरडता दहा पावलं लांब न्यायचं. ओरडण्याने कोंबड्या आणखी फडफडतात आणि धडा उलटा शिकवला जातो. मोठा झालेला, कोंबडी मारलेला कुत्रा या मार्गाने क्वचितच सुधारतो. त्याच्यासाठी कुंपण हाच उपाय. बाकी दोन सवयी माणसांच्या सोडवाव्या लागतात. परसात कोंबडी कापून तिथेच आतडी कुत्र्याला टाकणं बंद करा, त्याच्या डोक्यात परसातली कोंबडी आणि घास यांची गाठ तुम्हीच मारत असता. शिजवलेल्या कोंबडीची हाडंही देऊ नका, ती उभी चिरफळतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात.

मांजराची गोष्ट वेगळी. मोठ्या कोंबडीच्या वाटेला मांजर सहसा जात नाही, एका चोचीत त्याची समजूत पटते. पिलं मात्र पाच-सहा आठवड्यांची होईपर्यंत त्याला उंदरासारखीच दिसतात, तोवर त्यांना डालग्याखाली किंवा आईजवळच ठेवावं. मांजर उपाशी ठेवलं तर उंदीर जास्त मारील हा समज खरा नाही. शिकारीची ऊर्मी भुकेपासून बरीच स्वतंत्र असते आणि उपाशी मांजर घर सोडून दूर भटकतं. दूध-भातावर वाढवलेलं मांजर आतून अशक्त राहतं, कारण त्याच्या शरीराला मांसातूनच मिळणारे घटक हवे असतात. मोठ्या मांजराला तर दूध पचतच नाही असं पुष्कळदा दिसतं. मासळीची उकडलेली डोकी कोंबड्यांना अर्धी आणि मांजराला अर्धी, अशी वाटणी करा. उंदरांचा बंदोबस्त होणं या पट्ट्यात नुसत्या दाण्यापुरतं महत्त्वाचं नाही, पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि अनवाणी परसात फिरणाऱ्याला तो गाठतो. मांजर खुराड्यातल्या अंड्यांच्या टोपलीत जाऊन झोपतं, ही मात्र तक्रारीपेक्षा गंमत जास्त आहे. कारण सरळ आहे: कोंबडीला अंडी घालायला जे हवं तेच मांजराला झोपायला हवं, म्हणजे अंधार, ऊब, तीन बाजूंनी आडोसा. कोंबडीही याच न्यायाने अंडी घालायला कपड्यांची टोपली, झापांचा ढीग, कपाटाचा उघडा खालचा खण शोधून काढते. तिला रागावून काही होत नाही. पेंढा घातलेली दोन खोकी खुराड्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, एकात गुळगुळीत पांढरा दगड किंवा पिंगपाँगचा चेंडू टाका आणि आठ-दहा दिवस कोंबड्यांना सकाळी दहापर्यंत आतच ठेवा. बहुतेक अंडी सकाळीच घातली जातात, त्यामुळे सवय त्या खोक्याची लागते. खोक्याचं तोंड कोंबडी शिरेल एवढंच ठेवलं तर मांजर आपोआप दुसरीकडे बिछाना हलवतं.

कोंबडा हवाच का? अंड्यांसाठी नको. कोंबड्याशिवाय मिळणारी अंडी निर्बीज असतात, ती टिकतातही जास्त. पहाटे चारला बांग नको असलेल्या शेजाऱ्याशी भांडण टाळायचं असेल, तर कोंबडा ठेवूच नका आणि पिलं विकत आणा. राखणीला, म्हणजे जागेच्या राखणदार देवाला, कोंबडा द्यायचा असेल तर तो वेगळा प्रश्न, तो तुमचा आणि राखणदाराचा.

रोगाची भीती खरी आहे, तिला हसून चालणार नाही. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. जानेवारी 2025 मध्ये तो रायगडातल्या उरणजवळच्या चिरनेरला, म्हणजे कोकणातल्याच एका गावात, निघाला. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात वाघ आणि बिबट्याही या विषाणूने दगावल्याचं निष्पन्न झालं. मार्जारकुळाला तो फार बाधतो, तेव्हा मेलेल्या कोंबडीचं कच्चं मांस घरच्या मांजराला घालणं बंद करायला आणखी एक कारण मिळालं. पण या भीतीपायी कोंबड्याच न पाळणं हे मला प्रमाणाबाहेरचं वाटतं. परसातल्या पाच कोंबड्या दाटीने राहत नाहीत, त्यांच्या बाबतीत धोका मुख्यतः बाहेरून आलेला पक्षी, माणसाच्या चपला आणि बाजारातून आणलेली नवी कोंबडी यांतून येतो. नवी कोंबडी दोन आठवडे वेगळी ठेवा. पाणवठ्यावरच्या पक्ष्यांचं आणि आपल्या कोंबड्यांचं पाणी एक होऊ देऊ नका. अंडी आणि मांस पूर्ण शिजवून खा, खुराडं झाडल्यावर साबणाने हात धुवा. एकाच दिवसात दोन-तीन कोंबड्या कारण नसताना मेल्या तर त्या उघड्या हातांनी उचलू नका, कुणाला देऊ नका आणि समुद्रात तर टाकूच नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा 1962 या क्रमांकावर कळवा. कळवलं तर सगळ्या कोंबड्या मारतील, या भीतीने लोक गप्प बसतात. रोगाची खात्री झाल्यावर बाधित ठिकाणच्या कोंबड्या मारतात हे खरं, पण त्याची भरपाई शासन देतं. लपवलेला रोग मात्र शेजारच्या वाडीत फुकट पोचतो.

खऱ्या व्यवहारात बर्ड फ्लूपेक्षा मानमोडी जास्त कोंबड्या मारते. रानीखेत म्हणतात तो हाच रोग. मान वाकडी होते, हिरवी हगवण लागते आणि दोन दिवसांत खुराडं रिकामं होतं. त्यावर औषध नाही, लस आहे आणि ती स्वस्त आहे. पिलू पाच ते सात दिवसांचं असताना लासोटाचा थेंब, चौथ्या आठवड्याला पुन्हा एकदा, सहाव्या आठवड्याला देवीची लस आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास मानमोडीचं इंजेक्शन. दर तीन महिन्यांनी जंताचं औषध. मग पाच-सहा महिन्यांची तलंग अंड्यावर येते, म्हणजे आज पिलं आणली तर पहिलं अंडं पुढच्या सणालाच हातात पडणार हे मनाशी धरून चाला. सुरुवात पावसात करू नका. दसऱ्यानंतर आणलेली पिलं हिवाळ्याच्या कोरड्या हवेत वाढतात आणि मे संपेपर्यंत पहिल्या पावसाला तोंड देण्याइतकी दणकट झालेली असतात. श्रावणात घरात अंडी खात नसाल तर त्याची चिंता नको, तेव्हा झडीमुळे आणि पिसं झडल्यामुळे कोंबड्याही हात आखडतात. गणपतीनंतर आठ दिवस मुंबईला जायचं असेल, तर शेजारच्या घरी दाणा आणि त्या आठवड्याची अंडी दोन्ही देऊन टाका, कबुली मिळते.

लसीची एक अडचण आहे ती आधीच माहीत असावी. मानमोडीच्या लसीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक कोंबड्यांना पुरेल अशी येते, बर्फात ठेवावी लागते आणि एकदा पाण्यात मिसळली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. पाच पिलांसाठी ती फोडायला कुठलाही दवाखाना नाखूश असणार आणि त्यात त्यांची चूक नाही. म्हणून पिलं आणण्याआधी वाडीतल्या आठ-दहा घरांशी बोला, सगळ्यांची पिलं एकाच आठवड्यात येतील असं ठरवा आणि लसीचा दिवस दवाखान्याकडून आधी मागून घ्या. सकाळी ऊन चढायच्या आत, एका पडवीत सगळी डालगी आणून ठेवली, तर पन्नास-साठ पिलांचं काम तासाभरात उरकतं.